पाच मिलिमीटरचं देणं

गोंदियात धानाच्या गिरण्या आहेत म्हणून लेथवाले आहेत. राईस मिलचा शाफ्ट झिजतो, एलिव्हेटरची पुली चिरते, बेअरिंगची बैठक सैल होते, आणि हे सगळं नेमकं हंगामात होतं. दिवाळीनंतर धान बाजारात उतरलं की कारखान्याकडून सुटा भाग येईपर्यंत मिलमालक हातावर हात ठेवून बसू शकत नाही. मोडका तुकडा गोणपाटात गुंडाळून तो लेथवाल्याकडे पाठवतो आणि रात्रीतून मिल पुन्हा सुरू होते. गोंदियाला तांदळाचं शहर म्हणतात तेव्हा या काळ्या हातांची आठवण सहसा कोणाला होत नाही.

मी ज्यांचं देणं लागतो ते अशाच एका लेथवर उभे असायचे. फुलचूर नाक्याच्या पुढे, रस्त्यापासून थोडी आत, पत्र्याची शेड. पाटी नाही. आत जुना लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस, खिळ्याला टांगलेली कॅलिपर्स आणि कोपऱ्यात मिलांतून आलेल्या शाफ्टची रास. सगळे त्यांना काकाजी म्हणत. नाव लिहीत नाही. छापलेलं पाहून आधी चिडतील आणि मग त्यातल्या वेलांट्या तपासत बसतील. त्यांचं जे देणं माझ्याकडे आहे ते मापाने सांगायचं तर पाच मिलिमीटर जाडीच्या दोन ॲल्युमिनियमच्या चकत्या. पैशांत सांगायचं तर त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि अडचण तिथेच आहे.

तेव्हा मी औषध कंपनीचा एमआर होतो. एक दिवस आमगाव-सालेकसा, एक दिवस तिरोडा, एक दिवस गोरेगाव, सडक अर्जुनी करत देवरीपर्यंत. गाडी होती रायपूरच्या मामेभावाची जुनी स्विफ्ट. त्याला पुण्यात नोकरी लागली आणि गाडी घरातल्या घरात माझ्याकडे आली. सीजी-०४ ची एमएच-३५ झाली. पण मामेभावाने तिला तिच्या मूळ रूपात ठेवलं नव्हतं. चारी स्प्रिंगा बदलून तिला खाली बसवलं होतं, १४ इंची चाकं काढून १५ इंची रुंद अलॉय घातली होती आणि त्यावर १९५/५५ मापाचे टायर चढवले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजलिसच्या मेक्सिकन वंशाच्या पोरांनी जुन्या गाड्या जमिनीलगत आणायला सुरुवात केली. तो नाद फिरत फिरत रायपूर-भिलाईच्या चौकांपर्यंत कधीच पोचलाय. मला गाडी तशीच आवडली, हे लपवत नाही. देवरीच्या जंगलातल्या वळणांवर ती कलंडत नसे, बसून निघत असे.

हिशेब मात्र तिच्या विरुद्ध होता. स्विफ्टच्या पोटाखाली कारखान्याने १७० मिलिमीटर मोकळी जागा दिलेली. त्यातले ४० स्प्रिंगांनी खाल्ले. मूळचा १६५/८० आर १४ टायर बाहेरून साधारण ६२० मिलिमीटर व्यासाचा, नवा ५९५ चा, म्हणजे आणखी बारा गेले. उरले ११८. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे कागदावर मी पार होत होतो. गावोगावी घरासमोर लोकांनीच हौसेने घातलेले उंचवटे कागदावरचे नव्हते, एवढं सांगून पुढे जातो. पोट घासणं मी सहन करत होतो. सहन होत नव्हतं ते टायरचं घासणं. वळणावर पुढून खर्र असा आवाज यायचा, आणि मागे डिकीत औषधांचे खोके भरले की खड्ड्यात चाक वर जाऊन कुठेतरी चावायचं. उतरून पाहावं तर जळक्या रबराचा वास.

एका दुकानात सांगितलं, चारी चाकांना स्पेसर टाका, १५ मिलिमीटरचे, बाहेर येतील चाकं, घासणं बंद. कागदावर मापंही लिहून दिली. नाक्यावरचा पंक्चरवाला म्हणाला, तयार स्पेसर घेऊ नका, काकाजींकडून करून घ्या. मी कागद घेऊन शेडमध्ये गेलो.

काकाजींनी कागद वाचला, उलटा करून पाहिला, आणि लेथच्या पाळीवर ठेवून त्यावर नट ठेवला. मग बाहेर येऊन गाडीकडे बघितलं. "एवढी चांगली गाडी. कंबर मोडून ठेवली बाप्पा पोट्ट्यानं."

"काकाजी, घासते. स्पेसर पाहिजेत."

"कुठं घासते?"

"समोर पण, मागं पण."

"समोर म्हंजे कुठं? आतून का बाहेरून?"

मला सांगता आलं नाही. ते आत गेले आणि शाफ्टच्या कामाला लागले. जाता जाता म्हणाले, "उद्या ये बाबू. खाली गाडी नाही पाहाची, लादून पाहू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या मिलमधून धानाची चार पोती मागवली. खरेदी केंद्रावरचं पोतं ४० किलोचं, म्हणजे १६० किलो. दोन पोती मागच्या सीटवर, दोन डिकीत. मग हाताखालच्या पोराला चुना कालवायला सांगितला आणि उकिडवे बसून ब्रशने स्वतः लावला: पुढे स्ट्रटच्या नळीला, आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला, फेंडरच्या आत वळलेल्या कडेला, मागे मडगार्डच्या कडेला आणि आतल्या पत्र्याला. चुना सुकेपर्यंत चहा झाला. नंतर मला नाक्यापलीकडच्या खराब रस्त्यावर पाठवलं आणि बजावलं, की दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत स्टिअरिंग फिरव, आणि उंचवट्यावरून हळू नको जाऊ, रोज जातोस तसा जा.

परत आलो तेव्हा चुन्याने सगळं सांगून टाकलं होतं. पुढे बाहेरची कडा पांढरीशुभ्र, हातही लागलेला नाही; आत स्ट्रटच्या नळीवर मात्र बोटभर रुंदीचा चुना पुसून लोखंड चमकत होतं. मागे अगदी उलट. आतला पत्रा कोरा आणि मडगार्डच्या कडेवर काळा ओरखडा. काकाजींनी दोन्ही जागी माझं बोट धरून ठेवलं. दुकानाच्या कागदाविषयी ते एवढंच म्हणाले, "आतून घासते तिथं चाक बाहेर काढलं तर ठीक. जे बाहेरच घासून राह्यलं त्याले आनखी बाहेर काढून काय करशील?"

पुढे मी या विषयावर बरंच वाचलं, पण त्या वाक्यापलीकडे फार काही हाती लागलं नाही. स्पेसर चाकाला बाहेर सरकवतो, बस. रिमचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांत जे अंतर असतं त्याला ऑफसेट म्हणतात. ४५ ऑफसेटच्या रिममागे पाचचा स्पेसर घातला की ते ४० होतं. रिम एक इंच रुंद घेतली आणि ऑफसेट तोच ठेवला तर अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर, आत शिरते आणि तेवढीच बाहेर येते. माझ्या मामेभावाच्या अलॉय आतल्या बाजूने स्ट्रटच्या अगदी जवळ गेल्या होत्या. गाडी उभी असताना काकाजींनी फीलर गेजची पानं सरकवून पाहिली, दोन मिलिमीटर फट. वळणावर टायर दबून फुगतो तेव्हा ती कुठली उरायला?

"मंग पंधरा कावून?" मी विचारायच्या आधीच त्यांनी विचारलं. "पाच बस झाले. जेवढं चाक बाहेर जाईल तेवढं बेअरिंगवर येईल, स्टिअरिंगवर येईल. अन् बाहेरची कडा पन आपलीच हाय."

त्यांचे वडील नॅरोगेजवर कामाला होते. गोंदियाहून सातपुडा चढून जबलपूरकडे जाणारी ती छोटी गाडी, ७६२ मिलिमीटरचे रूळ. लहानपणी वडिलांसोबत जाऊन त्यांनी पाहिलेलं होतं, की चाकाची कडा रुळाला चिकटून कधीच नसते. दोन्हीकडे थोडी मोकळीक ठेवलेली असते. ती नसेल तर वळणावर चाक रूळ खातं, जास्त झाली तर डबा डुलायला लागतो. फट किती ठेवायची हाच धंदा, असं ते शाफ्ट आणि बुश यांच्याबद्दलही म्हणायचे.

आता चकत्यांची गोष्ट, कारण त्या त्यांनी ज्या रीतीने केल्या ते पाहणं हा माझ्यासाठी त्या वर्षीचा सगळ्यात मोठा आनंद होता. स्विफ्टचा हब मधोमध ५४.१ मिलिमीटरचा. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक ७३.१ चं, म्हणजे कोणत्याही गाडीला बसावं म्हणून मोठं ठेवलेलं. मधली पोकळी भरायला प्लास्टिकची रिंग देतात. माझ्या दोन रिंगा चिरलेल्या निघाल्या. चाक हबवर न बसता चार नटांवर लटकत होतं, आणि ८० च्या पुढे स्टिअरिंगला जी थरथर यायची तिचं मूळ तिथे होतं. मी तोवर चाकं बॅलन्स करून करून थकलो होतो. काकाजींनी ठरवलं की चकती आणि रिंग वेगळ्या करायच्याच नाहीत. एकाच तुकड्यातून पाच मिलिमीटरची चकती आणि तिच्याच अंगची, चाकाच्या भोकात शिरणारी कॉलर. आतून ५४.१, बाहेरून ७३.१. कॉलरची भिंत साडेनऊ मिलिमीटर जाड.

भंगारातलं ओतीव ॲल्युमिनियम त्यांनी हातात घेतलं नाही. नागपुरातून गोल बार मागवला. चकमध्ये धरून एक बाजू साफ केली, भोक मोठं करत आणलं, आणि शेवटी शेवटी इतका बारीक कट घेतला की कीस केसासारखा निघत होता. माझ्या हबवर ते तीनदा जाऊन तुकडा लावून पाहून आले. हातोडा न लागता, हाताने ढकलून, पण न खुळखुळता बसला पाहिजे. भोकाच्या आतल्या काठाला त्यांनी तिरपी उतरण दिली. मी विचारलं हे कशाला. हबच्या मुळाशी, जिथे तो चपट्या भागाला मिळतो, तिथे किंचित गोलाई असते. काठ धारदार ठेवला तर चकती त्या गोलाईवर चढते आणि टेकल्यासारखी दिसते पण टेकत नाही. नट सैल पडण्याची सुरुवात अशा जागेवरून होते. मग डायल लावून पूर्ण फेरा फिरवला. सुई हलली नाही तेव्हाच तुकडा चकमधून काढला. स्टडची चार भोकं १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. शेजारच्या दोन भोकांतलं अंतर त्यांनी कुठलंही पुस्तक न उघडता ७०.७ सांगितलं. सातवी शिकलेला माणूस.

इतकं झाल्यावर आता बसवतील असं मला वाटलं. त्यांनी चकती नुसती ठेवली, चाक लावलं आणि नट हाताने फिरवत फेरे मोजले. स्टड बारा मिलिमीटर जाडीचा, आटा सव्वा मिलिमीटरचा. पाचच्या चकतीने चार फेरे खाल्ले. उरले आठ. म्हणजे दहा मिलिमीटर पकड, आणि त्यांच्या लेखी नटाची पकड निदान स्टडच्या जाडीइतकी हवी. चालणार नाही. लांब स्टड टाकावे लागतील.

"मग करून टाका ना तुम्हीच."

"स्टड मी लेथवर करत नसतो." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. कारखान्यातला स्टड उष्णतेने कडक केलेला असतो, त्याचे आटे कापून नाही तर दाबून पाडलेले असतात. लेथवर कापलेला आटा दिसायला तोच, पण ताकदीला नाही. जे काम आपल्या मशीनवर होतच नाही ते करू नये, आणि गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगावं. एवढं सांगणारे कारागीर मला नंतर फार भेटले नाहीत. डॉक्टर तर त्याहून कमी भेटले, आणि मी भेटलो डॉक्टरांनाच.

लांब स्टडही नागपूरहूनच आले. मिलची बेअरिंगं दाबायच्या प्रेसवर त्यांनी जुने स्टड काढून नवे दाबले. हबचा चेहरा तारेच्या ब्रशने गंज जाईपर्यंत घासला. तिथे रंग नको, ग्रीस नको, धातूला धातू लागला पाहिजे. नट चौकडीच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतके, टॉर्क पान्याने आवळले. आणि हुकूम दिला: देवरीला जाऊन ये, गाडी थंड झाली की पुन्हा आवळायला आन. आणली. एका नटाने किंचित घेतलं. ते त्यांना अपेक्षित होतं.

मागच्या चाकांना त्यांनी काहीच केलं नाही. मामेभावाच्या माळ्यावरून मूळच्या मागच्या स्प्रिंगा मागवायला लावल्या आणि त्या बसवल्या. गाडी मागून उंच आणि पुढून खाली, अशी झाली. शहरात पोरं हसली. हेडलाइट पुढे जमिनीत बघायला लागले ते पुन्हा वर उचलून घ्यावे लागले. पण चुना लावून, पोती लादून पुन्हा चाचणी झाली तेव्हा चारी जागी चुना कोरा राहिला. काकाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि दिसण्याबद्दलचं मत बदललेलं नाही हे चेहऱ्यावरून कळू दिलं.

मला या सगळ्यात ओढून धरणारी गोष्ट हीच आहे. त्यांना माझी हौस पटलेली नव्हती, शेवटपर्यंत पटली नाही. ज्या कामाला त्यांनी स्वतः फालतू म्हटलं असतं त्याला त्यांनी मिलच्या शाफ्टइतका वेळ दिला. शाफ्ट बिघडला तर मिल थांबते. माझी चकती बिघडली तर माझी मान मोडली असती, हा फरक त्यांनी कधी बोलून दाखवला नाही.

पैशांचं विचारलं तर बारची आणि स्टडची पावती पुढे केली, तेवढे घेतले. मजुरी? "त्याचं पाहू." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मिलवाल्यांकडून मात्र रुपया न् रुपया वसूल करणारा माणूस हा. एकदा अगदी खनपटीला बसलो तेव्हा म्हणाले, "शाफ्ट रोजच करतो. हे पह्यल्यांदा केलं. शिकलो त्याचे पैसे कसे घेऊ?" काकूंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत असं कळल्यावर मी नमुन्यांची पाकिटं घेऊन गेलो. त्यावर विक्रीसाठी नाही असं छापलेलं असतं. ते त्यांनी वाचलं, पाकिटं परत दिली आणि दुकानातून छापील किमतीची आणली.

एकदाच त्यांनी स्वतःहून काही विचारलं. हाताखालचा तो पोरगा देवरीकडचा. हिवाळ्यात त्याचे हातपाय दुखायचे, मधूनमधून डोळे पिवळे पडायचे, दोन-तीन दिवस यायचा नाही. कोण डॉक्टर पाहील? पूर्व विदर्भात असं ऐकलं की आधी सिकलसेलचा विचार करावा, हे मला धंद्यामुळे माहीत होतं. गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात रक्ताची पहिली चाचणी झाली, नंतर इलेक्ट्रोफोरेसिस, आणि तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, अंग मोडेस्तोवर काम नाही. काकाजींनी दुसऱ्या दिवशी लेथच्या बाजूला पाण्याचा माठ आणून ठेवला आणि हंगामातल्या रात्रपाळीतून पोराला काढलं. मिलमालकांशी त्यावरून त्यांचं वाजलं, तरी काढलं. मी फक्त दवाखान्याची वाट दाखवली होती. पण काकूंनी त्यानंतर मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. म्हणजे फिटण्याऐवजी वाढलंच.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला: कारखान्याच्या मूळ रचनेपासून वेगळं होईल असा बदल वाहनात करता येणार नाही. काकाजींनी पेपरात वाचून मला निरोप धाडला. तोवर माझाही जीव त्या गाडीत तितका राहिला नव्हता. पुढच्याही मूळ स्प्रिंगा घातल्या, १४ इंची चाकं परत लावली. चकत्या काढल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हबचा ठसा सगळीकडे सारखा उमटलेला होता. काकाजींनी तो बोटाने फिरून तपासला, आणि मला वाटतं की त्या गाडीबाबतीत एवढ्याच गोष्टीने त्यांना समाधान मिळालं.

आता त्यांची नजर अधू झाली आहे. लेथ विकला, मुलीकडे बालाघाटला असतात. मी जातो अधूनमधून. ते आजही मजुरीचा विषय निघाला की दुसरंच काही काढतात.

पोरगा आता पोरगा राहिलेला नाही. आमगावला त्याचा स्वतःचा लेथ आहे, पाटीसकट. मागे माझ्या भावाच्या ट्रॅक्टरचा एक बुश करायचा होता, तो मी त्याच्याकडे नेला. चहा पाजला, काकाजींची चौकशी केली, काम डोळ्यांदेखत आणि फार सुरेख केलं. मग बिल पुढे केलं. बाजारभाव, वर जीएसटी. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं तर हसून म्हणाला, "काकाजीचा हिशोब काकाजीसंग, भाऊ. माहा दर हा हाय."

मी दिले. सुटे त्याने मोजून परत केले.